वारुळावरून गेलेली बातमी

मी सानाबाच्या गळ्यातला फोन बोलतोय. हो, बटणांचाच. पाठीला रबरबँड आहे, पाचाचा आकडा पुसून गेलाय, आणि कानाला लावलं की अर्धा आवाज येतो नि अर्धी खरखर. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवलं. आज पहिल्यांदाच स्वतःचं बोलतोय, तेव्हा खरखर चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, हजारो भावंडांबरोबर. तिथलं मला काही आठवत नाही. मला माणसं कळली ती तोरोबुगू गावात आल्यावर. सेगूच्या बाजारातून मामारीनं मला आणलं. मामारी म्हणजे सानाबा आणि सेरिबा त्राओरे यांचा एकुलता एक मुलगा. सीमेपलीकडच्या अबिजान शहरात कोकोच्या गोदामात कामाला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला आईच्या हातात ठेवलं.

"मला वाचता येत नाही. ह्याचं मी काय करू? कालवणात घालू?" सानाबा म्हणाली.

"आई, वाचायचं नाही. हिरवं दाबलंस की मी येतो, लाल दाबलंस की मी जातो. बस्स."

तिनं मला निळ्या कापडाच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं. लाल बटण मात्र ती कधी दाबत नसे. मुलाला आपल्या हातानं कशाला घालवायचं, असं तिचं म्हणणं.

तोरोबुगूत मला ऐकू यायचं ते फक्त एकाच जागी. सानाबाच्या अंगणाच्या टोकाला माणसाहून उंच वारूळ आहे, त्याच्या माथ्यावर. वर एक काठी रोवली होती, तिला मला टांगायचं. हळूहळू सगळा गाव आपापले फोन घेऊन त्या वारुळावर चढायला लागला. कांद्याचा भाव विचारायला कांदेवाल्या बाया चढायच्या, गुराचं औषध विचारायला गुराखी चढायचा. पूर्वी पाहुणा न सांगता यायचा, म्हणून सानाबा रोज मूठभर बाजरी जास्त कांडायची. आता पाहुण्याच्या आधी त्याचा आवाज येऊ लागला, आणि ती मूठ मडक्यातच राहू लागली. तिला ते काही आवडलं नाही. "न सांगता येतो तोच खरा पाहुणा," म्हणायची.

माझ्या पोटापाण्याची सोय झुमाना दियाराकडे होती. त्याच्या छपरावर सोलर पॅनल होतं. गावातले सगळे फोन तिथे एका फळीवर पडून ऊन खायचे. झुमाना तोंडाचा मोठा फटकळ. त्यात तो दियारा, आणि आमचं घर त्राओरेंचं. या दोन आडनावांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि कुणी रागावू नये, अशी जुनी रीत आहे.

"आली का चवळीखाऊ? आज किती टोपल्या हाणल्या?" तो सानाबाला विचारायचा. ती त्राओरेंची सून, म्हणजे तीही चवळीखाऊच.

"तुझ्या घरात चवळी शिजली तर चुलीलाही आश्चर्य वाटेल," सानाबा फाडकन म्हणायची. मग दोघंही पोट धरून हसायची. मला त्या फळीवर फार बरं वाटायचं.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मामारीचा फोन यायचा. आधी रीतीप्रमाणे खुशाली. दिवस शांतीत गेला? शांतीत. घरचे? शांतीत. बाबा? शांतीत. शेळ्या? शांतीत. घरात कुणाला ताप आला असला, शेळी मेली असली, तरी उत्तर तेच द्यायचं. खरी गोष्ट नंतर, बसून, सावकाश. खुशाली म्हणजे दार, घर पुढे असतं.

मग एका गुरुवारी मामारीचा बाप सेरिबा गेला.

घर माणसांनी भरलं. सानाबानं मला पिशवीतून काढलं आणि सेरिबाचे थोरले भाऊ न्यांझो यांच्यापुढे धरलं. "भाऊजी, मामारीला कळवू द्या."

न्यांझो वाईट माणूस नव्हे. ते खाली बसून म्हणाले, "सानाबा, मरणाची बातमी पायांनी जाते. माणूस जातो, रीतीच्या दहा कोलाच्या बिया पुढे ठेवतो, आणि पोरगा कोसळला तर त्याला धरतो. हे यंत्र त्याला धरणार आहे का? गावातल्या मादूला पाठवतो. तोवर तोंड बंद."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला त्यांचं पटलं. मला हात कुठे आहेत?

मादू त्याच संध्याकाळी बसनं निघाला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपार झाली आणि मी वारुळावर वाजलो. सानाबा चढून आली. तिनं हिरवं बटण दाबलं.

"आई, दिवस शांतीत गेला?"

"शांतीत."

"घरचे?"

"शांतीत."

"बाबा?"

तिनं काठी घट्ट धरली. मग ती म्हणाली, "शांतीत, बाळा."

तो पुढे शेळ्यांबद्दल विचारायला लागला, तर तिला ऐकवेना. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा लाल बटण दाबलं. 'शांतीत' हा शब्द मीच तिकडे पोचवला होता, जसाच्या तसा.

मादूची बस सीमेवर अडकली. तो बाराव्या दिवशी पोचला. तोवर उशीर झाला होता. गावातल्या कुणाच्या तरी टचच्या फोनमधून दफनाचा फोटो अबिजानला गेला, आणि त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मामारीला विचारलं, "हे तुमचंच अंगण ना रे?"

रविवारी तो माझ्यातून बोलला. खुशाली विचारली नाही. "काल मी परक्याच्या फोनमध्ये बाबांची कबर पाहिली. आई, शुक्रवारी मी विचारलं तेव्हा ते मातीखाली होते ना? आणि तू म्हणालीस, शांतीत." सानाबानं तोंड उघडलं, पण तिकडून फोन बंद झाला होता.

त्यानंतर वर्षभर मामारी बोलला नाही. पैसे येत होते, कधी साखर, कधी कापड येत होतं कुणाच्या तरी हाती, पण आवाज येत नव्हता. विधवेनं घर न सोडण्याचे चार महिने दहा दिवस सानाबानं अंगणात काढले, नंतरचे महिनेही तसेच. दर शुक्रवारी ती मला काठीला टांगायची आणि खाली बाजरी कांडत बसायची. मधूनच मुसळ थांबवून ऐकायची. स्वतः फोन लावायचा तिचा धीर होत नव्हता. लावला आणि त्यानं उचललाच नाही तर? वारुळावर सगळ्या गावाचे फोन वाजायचे, मी मात्र तिच्यासाठी वाजत नव्हतो. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

एका शुक्रवारी मला पोचवायला झुमाना स्वतःच आला. उंबऱ्यातूनच ओरडला, "अगं चवळीखाऊ, ऊठ! आज मी फोन द्यायला आलेलो नाही. तुमचं भांडण मिटवायला आलोय."

"झुमाना, आज थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? दियारा त्राओरेच्या दारात आला तर त्राओरेला नाही म्हणता येतं का? सांग, येतं का?"

तिला नाही म्हणता येईना. ती रीत तिलाही ठाऊक होती. दोघं वारुळावर चढली. झुमानानं मामारीचा नंबर लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"कोण?"

"तुझा मालक बोलतोय, चवळीच्या पोत्या! झुमाना दियारा. फोन ठेवलास तर उद्या अबिजानला येऊन तुझ्या गोदामासमोर चवळी पेरीन."

पलीकडून श्वास ऐकू आला. हसू होतं की हुंदका, मला नीट कळलं नाही.

"ऐक," झुमानाचा आवाज बदलला. "तुझ्या काकाची चूक झाली. तुझ्या आईची झाली. तू वर्षभर आईला वारुळाखाली बसवून ठेवलंस, ती तुझी झाली. आता हिशेब नको. तुला ती बातमी घरच्या माणसानं अजून सांगितलेलीच नाही. आज सांगायची आहे. तुझ्याजवळ कोण आहे?"

"यूसुफ आहे. माझ्या खोलीत राहतो."

"त्याला तुझ्या खांद्यावर हात ठेवायला सांग. घट्ट. मी इकडे हिला धरलंय."

झुमानानं मला सानाबाच्या कानाला लावलं आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. तिनं खुशाली विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मामारी, तुझे बाबा गेले. गुरुवारी, दुपारच्या नमाजाआधी. बाजरी निवडत बसले होते. म्हणाले, जरा आडवा होतो. तुझं नाव नाही घेतलं रे त्यांनी, खोटं कशाला सांगू? गाढवाला पाणी दाखवलं का, एवढंच विचारलं. मी बघायला गेले, परत आले, तोवर..."

वर्षापूर्वी कळलेली बातमी ऐकून तो आत्ताच कळल्यासारखा रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. यूसुफ काहीतरी पुटपुटत होता. इकडे सानाबाही रडत होती, आणि त्या दोघांच्या मध्ये मी होतो. माझी खरखर त्या वेळी कुणालाच ऐकू आली नाही.

बऱ्याच वेळानं मामारीनं नाक ओढून विचारलं, "आई, मग गाढवाला पाणी दाखवलं होतं का?"

"नाही रे," ती म्हणाली. "त्या दिवशी ते राहूनच गेलं."

बकरी ईदला तो घरी आला. बापाच्या कबरीवर गेला, काकांपुढे बसला, आणि आईसाठी टचचा फोन घेऊन आला. त्यात आता मुलाचा चेहरा दिसतो. मी भिंतीतल्या कोनाड्यात असतो. माझी बॅटरी फुगलीय, झुमानाच्या उन्हानंही ती आता भरत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. नवा आला की जुन्यानं सरकून बसायचं असतं.

कोनाड्यातून मला वारूळ दिसतं. मरणाची बातमी आता तिथूनही जाते, न्यांझोही हरकत घेत नाहीत. फक्त सांगणारा आधी थांबतो आणि विचारतो. नव्या फोनांनो, तुमच्यात चेहरे दिसतात, फोटो जातात, पण हात तुम्हालाही नाहीत. म्हणून तुमच्यात बोलणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. वाईट बातमी सांगायच्या आधी पलीकडच्याला विचारा, तुझ्याजवळ कोण आहे? आणि कुणी नसेल, तर कुणी येईपर्यंत फोन ठेवू नका.