पहारेकरी उठायच्या आत

सिस्टरने भिंतीतला प्लग काढायला हात पुढे केला आणि मोठीबाईंची लेक किंचाळली, "थांबा! हात लावू नका!"

मोठीबाई दचकल्या. खाटेवर नात, लेकीची पोर, निपचित पडली होती, तापाने सुकून काडी झालेली. तिचा रक्तदाब पार तळाला गेला होता. तो धरून ठेवणारं औषध उशाजवळच्या पंपातून कणाकणाने तिच्या हातात जात होतं. आत कुठेतरी रक्त साचत होतं, ते शोधायला तिला स्कॅनसाठी खाली न्यायचं होतं. म्हणजे प्लग काढायचा, पंप बॅटरीवर चालू द्यायचा आणि खाट ढकलायची. सिस्टरचं रोजचंच काम.

"अहो मॅडम, बॅटरी भरलेली आहे. बंद नाही पडत तो."

"बंद पडेल असं नाही म्हणत मी." लेकीने पंपाच्या पाठीवर बोट ठेवलं. "यातली चिप आमच्या कंपनीची आहे. माझी."

या चिपचं कौतुक सांगून मोठीबाईंनी भाजीवालीपासून विहिणीपर्यंत सगळ्यांचे कान किटवले होते. शाळा त्यांनी कधीच सोडलेली, पण लेकीचा शोध तोंडपाठ. एका चिपमध्ये दोन बिऱ्हाडं. एक औषध किती सोडायचं ते बघणारं, दुसरं पडद्यावर आकडे काढणारं. मध्ये एक पहारेकरी. कुणी दुसऱ्याच्या खोलीत जाऊन काही लिहायला लागलं की हा त्याचं मनगट धरतो. हा पहारेकरी लेकीच्या डोक्यातून निघालेला. आज सकाळी सिस्टरलाही त्यांनी हे ऐकवलं होतं, तिने विचारलं नसताना.

"मग भ्यायचं काय? तुझाच माणूस ना तो पहाऱ्यावर?"

"आई, भिंतीची वीज जाऊन बॅटरीची आली, किंवा उलटं झालं, की चिप दचकून जागी होते. बिऱ्हाडं आधी उठतात, पहारेकरी मागून. तेवढ्यात पडद्यावाल्याने आपला आकडा औषधवाल्याच्या खोलीत लिहिला तर..."

"तर काय? बोल ना!"

"पडद्यावर सगळं ठीक दिसतं. आणि औषध भसाभस जातं."

सिस्टरने मोठीबाईंकडे असं पाहिलं की त्यांना जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कंपनीला ठाऊक आहे?"

"कळवलंय मी. म्हणतात, प्रयोगशाळेत होतं तसं, बाहेर नाही होत. गप्प बस म्हणाले."

"मॅडम, तुम्ही शेवटचं कधी झोपलात?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "रक्त आत कुठे साचतंय ते आत्ताच कळायला हवं. थांबायला वेळ नाही आपल्याकडे."

मोठीबाईंनी लेकीकडे पाहिलं. केस पिंजारलेले, ओठ फुटलेले. हिच्या डोक्यावर तर परिणाम झाला नसेल? हिचं ऐकून थांबलो आणि पोर गेली तर? नाही ऐकलं आणि गेली तर? त्यांनी आपला कमावलेला आवाज लावला.

"डॉक्टरसाहेब, ही कार्टी जन्मापासून माझं ऐकत नाही. पण थाप मारलेली मला आठवत नाही. न्यायचं कसं ते तिलाच विचारा."

लेकीने सांगितलं: दुसरा पंप इथेच बॅटरीवर घ्या, मग त्याची नळी जोडा आणि जुना काढा. म्हणजे पोरीला जोडलेला असताना वीज बदलणारच नाही. डॉक्टरांनी क्षणभर विचार करून मान हलवली. खाट खाली गेली. स्कॅनच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नसत.

मायलेकी जुन्या पंपासमोर बसल्या. लेक प्लग काढी, लावी, परत काढी. काही होईना.

"पुरे गं. वेड लागल्यासारखं काय करतेस?" मोठीबाई म्हणाल्या. मनात मात्र दोन्हीकडून सुरी फिरत होती. घडावं, म्हणजे लेक शहाणी ठरेल. घडू नये, कारण तसलाच पंप खाली पोरीच्या हाताला आहे.

लेकीने परत प्लग काढला. पडदा लुकलुकला आणि मघाचाच आकडा शांतपणे उभा राहिला. खाली सिरिंजचा दट्ट्या मात्र सुटला. कुणी अंगठ्याने रेटावा तसा सरसर पुढे गेला आणि औषध फरशीवर सांडलं. पंपाने हूं की चूं केलं नाही.



तेवढ्यात दार उघडलं. खाट आत आली, पाठोपाठ डॉक्टर. "साचलेलं सापडलं. आवरेल ते," ते म्हणत होते. आणि सिस्टरने, हात सवयीचे, नव्या पंपाचा प्लग उचलून भिंतीत खुपसला.

"अगं बाई!" मोठीबाई झेपावल्या आणि नातीच्या हाताकडे जाणारी नळी त्यांनी मुठीत करकचून दुमडली.

"आजी, सोडा! औषध थांबलं तर रक्तदाब पडेल!" डॉक्टर ओरडले.

"आणि जास्त गेलं तर?"

लेक खाली वाकून नव्या पंपाच्या दट्ट्याकडे टक लावून बघत होती. पडद्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"सांग ना गं! दाबू की सोडू?"

"थांब." मग जरा वेळाने, "हळू चाललाय. नेहमीसारखाच. सोड, आई."

मुठीत काहीतरी धडधडत होतं. औषध की आपलीच नाडी, मोठीबाईंना कळेना. लेकीच्या शब्दावर त्यांनी एकेक बोट उघडलं. नातीची छाती वर झाली, खाली झाली. डॉक्टरांची नजर फरशीवरच्या ओल्या डागावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आता तो प्लग आहे तसाच राहू दे," लेक म्हणाली.

"आणि लाइट गेले तर?" सिस्टरचा आवाज फाटला होता.

लेकीने स्टूल ओढलं आणि दट्ट्यासमोर बसली. मोठीबाईंनी नळी पुन्हा हातात घेतली. दाबली नाही, नुसती धरून ठेवली.