थोडं खाणारी सून

गोष्ट चौतीस सालची. ठमाबाई पालीच्या बाजारातून घरी आली तेव्हा तिची लेक राही चुलीपुढं बसून नाचणीची भाकरी नि आमसुलाचं सार जेवत होती. चार घास पोटात गेले नाहीत तोच पोरीच्या डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ वर आली. राहीनं तिच्यावर तळवा दाबला आणि जेवत राहिली. घरात कुणाला नवल वाटलं नाही. जेवायला बसलं की गाठ यायची, जरा वेळानं जिरायची. शेजारणी मात्र गंडमाळ म्हणायच्या आणि आपली पोरं तिच्या ताटापासून लांब ठेवायच्या.

राही सोळाची झाली होती. दुसऱ्या दिवशी जयगडकडची माणसं तिला बघायला यायची होती. मुलगा सदू, मुंबईला गिरणीत. सांजेला ठमाबाईनं लेकीला मागच्या अंगणात नेलं.

"उद्या पाण्याबिगर काय तोंडात घालू नुको. माणसं जाईपरत."

"आणि त्यांनीच पोहे पुढं केले तर?"

"उपास हाय म्हणून सांगीन."

"कुठल्या देवाचा, आये?"

"ज्याला चालंल त्याचा," ठमाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ठमाबाई वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. गाठीची पोर म्हणून दोन स्थळं दारातून परत गेली होती. आईला जी वाट दिसली ती तिनं धरली.

राही पसंत पडली. लग्नात नवऱ्याच्या हातचा घास तिनं ओठाला लावला आणि पदराआड टाकून दिला. सासरी आधी बाप्ये जेवायचे, मग पोरं, मग सासू मथुराबाई, आणि उरलंसुरलं सुनेला. राही चुलीकडं तोंड करून पेज प्यायची. कुणाची चाहूल लागली की वाटी खाली. मथुराबाई विहिरीवर कौतुक सांगायची, सून मिळाली तर अशी मिळावी, कणगीला तिचा भार म्हणून नाही. हे पालीपर्यंत पोचलं, ठमाबाईच्या कानावर आलं, आणि तिला बरं वाटलं. तिलाच कशाला, आपल्यापैकी कुणालाही बरंच वाटलं असतं. पोटभर जेवणाऱ्या सुनेला आपण खादाड म्हणतो. उपाशी राहणारीला गुणाची म्हणतो.

गौरीच्या सणाला राही माहेरी आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. गाठ आता जिरत नव्हती. लाल, तापलेली, कायम तिथंच. ठमाबाईनं घावन पुढं ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"आता कोन बघत नाय. खा गो बाय."

राहीनं घास मोडला नि परत ठेवला. "सवय ऱ्हायली नाय, आये. घास तोंडाशी आला की आधी दाराकडं बघावंसं वाटतं."

बाप गुणाजी दोघींना घेऊन रत्नागिरीला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी एक बोट जिभेखाली घातलं, दुसरा हात जबड्याखाली धरला, आणि म्हणाले, ही गंडमाळ नव्हे. ही लाळेची गाठ. तिच्यातून लाळ बारीक नळीनं जिभेखाली येते. त्या नळीत खडा अडकलाय. खायला लागलं की लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून फुगते. याची लागण कुणाला होत नाही. पण आता पू धरलाय. कोल्हापूरला जाऊन एक्स-रेचा फोटो काढा, आजच्या आज निघा.

गुणाजीनं विचारलं, त्यात कापतात का? डॉक्टर म्हणाले, छे, दुखतसुद्धा नाही. फिल्मची पट्टी दातांत धरून गप्प बसायचं, बस्स. गळ्याकानातलं काढून ठेवायचं, नाहीतर त्याचीच सावली पडते. पोटात मूल असेल तर आधी सांगायचं. आणि काही खडे फोटोत दिसत नाहीत, तेव्हा दिसला नाही म्हणून रोगच नाही असं समजून घरी बसायचं नाही.

गुणाजी मोटारीची चौकशी करायला निघाला. ठमाबाईनं त्याचा हात धरला. सासरी न विचारता पोर कोल्हापूरला नेली तर बोभाटा होईल. विचारलं तर लग्नाआधीचं सगळं उघडं पडेल, फसवलं म्हणतील, पोर टाकून देतील. दिवाळीला सदू येणार होता. जावयाला आपण समजावून सांगू, तोवर पोरीनं कळ काढावी. गुणाजी मोटारीकडं गेलाच नाही. राही म्हणाली, कळ काढायला येते मला. आणि सासरी गेली.

दिवाळीच्या आधीच सांगावा आला. राहीचा गळा छातीपर्यंत सुजला होता, तोंड उघडत नव्हतं. या वेळी आईबापांनी कुणाला विचारलं नाही. मोटार घाट चढून कोल्हापूरला गेली. इस्पितळात ठमाबाईनं आपल्या हातानं लेकीचं मंगळसूत्र काढलं. दातांत पट्टी धरता येईना, म्हणून बाजूनं फोटो घेतला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. जबड्याचं हाड, दातांची रांग, आणि खाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"एवढाच?" ठमाबाईनं विचारलं.

"एवढाच. वेळेवर आला असतात तर जिभेखालून काढून टाकला असता."

त्यांनी पू काढला, पण सूज आत उतरली होती. श्वासाची वाट बंद होत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी राही गेली.

तेराव्याला ठमाबाई नि गुणाजी जयगडकडं गेले. मथुराबाई खरंच रडत होती. बायकांना सांगत होती, "कदी घास मागून खाल्ला नाय माज्या सुनेनं. आसली लक्षुमी परत व्हायची नाय."

"विहीणबाय," ठमाबाई म्हणाली, "ती भुकेली व्हती."

बायका तिच्याकडं वळल्या.

"मीच शिकवलं तिला उपाशी ऱ्हायला. तुमी तिला त्याच्यासाठी शाबासकी दिलीत. दोगींनी मिळून मारली." तिनं पिशवीतून ती फिल्म काढली आणि दारातल्या उजेडात धरली. राहीचा दुसरा फोटो कुणाकडंच नव्हता. "हा बगा खडा. दिसला आसता नि निघाला आसता. मी लपवला."

एक म्हातारी पुटपुटली, आता कशाला उगाळायचं, घराची अब्रू जाते. ठमाबाई म्हणाली, ती कोल्हापुरात राहीबरोबर जळली.

दाराआड मथुराबाईची धाकटी लेक चिमा उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिलाही लवकरच बघायला येणार होते. ठमाबाईनं स्वैपाकघरात पान मांडलं, भात वाढला, डाळ वाढली. "बस गो."

चिमानं आईकडं बघितलं. पडवीत बाप्यांची पंगत अजून बसायची होती. कुणीतरी म्हणालं, आधी त्यांचं होऊ दे. ठमाबाई पानापाशी बसून राहिली, उठेना. मथुराबाईनं पदरानं डोळे पुसले. मग ती उठली आणि पाण्याचा तांब्या भरून आणून लेकीच्या पानाशी ठेवला.

"जेव," ती म्हणाली.

चिमा बसली. पहिला घास तिनं भीत भीत घेतला. बाहेर बाप्ये ताटकळले होते, भात निवत होता. दोघी आया तिच्या दोन बाजूंना बसून होत्या, आणि कुणी तिला घाई केली नाही.