वाटीत थिजलेली करणी

रामकिशनच्या अंगणात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. चुडाव्याजवळचं ते अख्खं गाव तिथं लोटलं होतं. मधोमध घोंगडीवर त्याची पाच वर्षांची सत्यशीला निपचित पडली होती आणि तिच्या पोटावर ओल्या फडक्याची घडी ठेवून लिंबाजी बुवा ओरडत होता.

"निघ! आतड्यात दडून बसतीस? मसणातली माती खाऊन आलोय मी!"

माती खाणाऱ्या बुवाची ढेरी मात्र तुपावर पोसलेली दिसत होती. त्यानं फडका वाटीतल्या पाण्यात पिळला, वर हात धरून बराच वेळ मंत्र पुटपुटला आणि वाटी उपडी केली. पाणी सांडलं नाही. हिरवट, बुळबुळीत गोळा तसाच चिकटून राहिला. बायका किंचाळल्या.

पोरीची आई केशरबाई घोंगडीजवळ सरकली. कालपासून पोरीला जुलाबातून असंच बुळबुळीत पडत होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे एस.टी. बंद, आगगाडीचाही नेम नाही, म्हणून परभणीला नेता आलं नव्हतं.

"घरातल्याच बाईनं खाऊ घातलंय," बुवा म्हणाला. "अन् ही करणी पाण्यावर वाढती. पोरीच्या तोंडात थेंब घालू नका. त्या बाईला दिवस मावळायच्या आत शिवंबाहेर काढा."

सगळ्यांच्या नजरा केशरबाईच्या जावेकडे, सुलाबाईकडे वळल्या. परवा तिनंच पोरीला शेवयाची खीर दिली होती. रामकिशननं कोपऱ्यातली काठी उचलली.

"जाऊबाई, तुमी तरी सांगा की!" सुलाबाई रडत म्हणाली. "सत्तूला मी परकी मानलं का कधी?"

केशरबाईनं मान खाली घातली. तेवढ्यात पोर पुटपुटली, "आई, पाणी." केशरबाईचा हात तांब्याकडे गेला आणि विस्तवाला लागावा तसा मागं आला. पाजावं तर करणी वाढणार, न पाजावं तर लेकरू सुकायलंय.

शाळेच्या गुरुजींनी धाडलेल्या निरोपावरून डॉक्टर कुसुमबाई परभणीहून आगगाडीनं चुडाव्याला उतरून बैलगाडीत आल्या त्या याच वेळी. त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. चुणी तशीच राहिली, अंगातलं पाणी आटलं होतं. त्यांनी घाईनं मीठ-साखरेचं पाणी कालवलं, पण केशरबाईनं त्यांचा हातच धरला.

"नका बाई! पाया पडते! आत वाढल ती!"

डॉक्टरांनी वाटी पाहिली, मग फडका. बुवानं तो ओढायच्या आत त्यांनी उचलला, अंगणातल्या पाट्यावर ठेवला आणि दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात पिळला.

"आता पाट्याची करणी काढू. या पाट्याला कुणी खीर घातली होती का हो, बुवा?"

केशरबाई वाटीकडे बघत राहिली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी वाटी उपडी केली. तसाच हिरवट गोळा! मग त्यांनी फडक्याच्या घड्या उलगडल्या. आत चेचलेली पानं होती.

"अगं बया, वासनवेल!" शेजारची धुरपदाबाई ओरडली. "ढोरामागं असताना आमी हिचंच दही लावायचो!"

या वेलीच्या पानांचा रस पाण्यात पडला की पाणी दह्यासारखं थिजतं; निम्म्या बायकांनी लहानपणी ते दही लावलं होतं. पण भीतीनं डोकं असं बधिर केलं होतं की एकीलाही ते आठवलं नाही. रामकिशनच्या हातातली काठी गळून पडली. बुवा काढता पाय घेत होता, गुरुजींनी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"मग पोरीच्या पोटातून पडायलंय ते?" केशरबाईनं भीत भीत विचारलं.

"तो आतड्याचा स्वतःचा लेप आहे. आपण भिंत सारवतो ना, तसं आतडं स्वतःला आतून सारवत असतं. जुना लेप वाहून जातो, आतड्यातल्या पेशी नवा करतात. जंतू शिरले की नसा आणि रक्त त्या पेशींना निरोप देतात, मग त्या भराभर जास्त लेप सोडतात. त्यालाच आपण आव म्हणतो. जंतू हटले की निरोप थांबतो, लेप पुन्हा बेताचा होतो. तो सगळा उपसून काढला तर आतडं उघडं पडेल. पोरीला धोका लेपाचा नाही, अंगातलं पाणी संपण्याचा आहे."

केशरबाईनं पेला उचलला आणि सुलाबाईपुढं धरला. तेव्हा सुलाबाई पुढं आली, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजायला लागली. केशरबाई तिच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली. करणीपेक्षा आता तिला स्वतःचीच जास्त भीती वाटत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर पोर तहानेनं मेली असती आणि दोष सुलाबाईवर आला असता.

पोर वाचली. पण दर वेळी आगगाडीनं डॉक्टर येतातच असं नाही. म्हणून, बायांनो आणि बाप्यांनो, लेकराला जुलाब लागले की आधी पाणी पाजा आणि दवाखाना गाठा. करणी कुणी केली ते शोधत बसलात, तर तेवढ्यात लेकरू हातचं जाईल.