खऱ्या बेड्या

रुपचंद हवालदारानं उजवा खिसा चाचपला, डावा चाचपला, मग शर्टाचा वरचा. किल्ली नव्हती.

समोर क्रांतिकारक छाती काढून उभा होता, हातात बेड्या. हा जिनेश, धरणगावातल्या हस्तीमलशेठ कापडवाल्यांचा मुलगा. नाटकातल्या इंग्रजांच्या फौजदारानं, म्हणजे रुपचंदनं, नोकरी की देश या पेचात पडायचं, देश निवडायचा आणि बेड्या काढायच्या. पेच पडून झाला होता. देशही निवडून झाला होता. बेड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तालमीत प्लॅस्टिकच्या तुटल्या, तेव्हा रुपचंदच ऐटीत म्हणाला होता, "खऱ्या आणतो!" आणि ठाण्यातून न विचारता उचलल्या. किल्ली राहिली वर्दीच्या पँटीत. ती पँट कोकिळानं, त्याच्या बायकोनं, धुवून वाळत घातली होती. आणि ठाण्याचे साहेब, प्रमुख पाहुणे, वर्दीत पहिल्याच रांगेत. बेड्या ओळखल्या, की ऐन पंधरा ऑगस्टला सस्पेंड!

"भाऊ, उघडा ना," जिनेश ओठ न हलवता म्हणाला.

"थांब जरा. अजून थोडा वेळ पारतंत्र्यात राहा."

रुपचंदनं देशावरचं भाषण पुन्हा म्हटलं. लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या. तिसऱ्यांदा कुणी दिल्या नाहीत.

"भाऊ!"

"अरे, किल्ली घरी राहिली," तो कुजबुजला. वर टांगलेल्या माईकनं ते अख्ख्या मैदानाला सांगितलं.

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. साहेब हसले नाहीत. ते बेड्यांकडे बघत होते.

त्यांच्या शेजारी बसलेल्या भिकुबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

"तुम्ही बी पोलीसच ना, भाऊ? तुमनाजोडे व्हई किल्ली. द्या ना! पोरगा कवयना ताटकळत उभा शे."

ठाण्यातल्या सगळ्या बेड्यांना एकच किल्ली चालायची. साहेबांचा हात खिशाकडे गेला. अर्ध्यात थांबला. कपाळावर आठी, नजर खाली. रुपचंद बघतच राहिला. हाच चेहरा तो महिनाभर आरशासमोर घोटत होता, आणि एकदाही जमला नव्हता.

साहेब उठले. स्टेजच्या कडेला किल्ली ठेवून परत जागेवर जाऊन बसले.

रुपचंदनं बेड्या काढल्या. जिनेश पळाला. पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

नंतर साहेब आत आले. रुपचंदनं टोपी काढली.

"साहेब, त्या बेड्या..."

"छान होत्या. अगदी खऱ्यासारख्या," साहेब म्हणाले, आणि आपल्या किल्लीसाठी हात पुढे केला.