गुरुवारचं भजन

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन चार महिने झाले होते. कानडी मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरातलं त्यांचं शिंप्याचं दुकान मी चालवत होते, पण माडीवरची खोली उघडायला मन होत नव्हतं. दर गुरुवारी तिथं त्यांचं भजन असायचं.

शहाण्णव साल. दुकानात काज-बटणं करणाऱ्या विद्याधरनं मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की त्याला मुलगे आवडतात. एक दिवस तो म्हणाला, "अक्का, आमच्यासारख्यांना मोकळं बोलायला जागाच नाही. बागेत बसलो तर राखणदार हाकलतो."

मी खोली उघडून दिली. गल्लीत सांगितलं, अप्पांचं भजन पुन्हा सुरू झालंय.

आमच्या लोकांत भजन म्हटलं की कुणीतरी न बोलावता प्रसाद घेऊन येतंच. हे मलाच सुचायला हवं होतं. तिसऱ्याच गुरुवारी विद्याधरची आई, सोयराबाई, कोसंबरीचा, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीच्या कोशिंबिरीचा, डबा घेऊन माडीवर हजर! हसतखिदळत बसलेले विद्याधरचे मित्र पटकन मांडी घालून सरळ बसले.

"टाळ कुठायत रे? विद्या, म्हण बघू एखादा अभंग."

"आई, मला गाता येत नाही."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणूनच आले, चमत्कार बघायला."

त्याचा मित्र गुंडो घाईघाईनं घसा खाकरून सूर लावू लागला. खोलीतले सगळे साथ द्यायला तयार होते. एका अभंगात सुटका झाली असती. विद्याधरनं त्याला हातानं थांबवलं.

"आई, इथं भजन होत नाही. मला मुली बघू नकोस. मला मुलगे आवडतात. घरी बोलता येत नाही ते आम्ही इथं बोलतो."

सोयराबाईंनी डबा खाली ठेवला.

"घरी का नाही येत बोलता?"

"तू रडशील म्हणून."

"रडेनच. मी नाही तर कोण रडणार?" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्या माझ्याकडे वळल्या. "सुचेता, अप्पा असते तर काय म्हणाले असते गं?"

"आधी तुम्हाला बसायला सतरंजी टाकली असती," मी म्हटलं आणि ती टाकायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

त्या बसल्या. विद्याधर जरा अंतर ठेवून उभाच होता.

"सरी, ठीक आहे, ये इकडे," त्या त्याला म्हणाल्या. " मला अजून स्वल्पही कळलेलं नाही, हळूहळू सांग. तुझ्या बाबांना मी सांगेन. पण जेवण झाल्यावर. उपाशीपोटी त्यांना चांगली बातमीसुद्धा पचत नाही."

सगळे हसले. विद्याधर सगळ्यांत शेवटी हसला, आईच्या शेजारी बसल्यावर.