वेदीपुढं बांधलेली कोंबडी

थांबा तिथंच. हात पाठीमागं नेऊ नका. दोन्ही दिसतील असे ठेवा, मग सांगते. मी कोंबडी. गावठी, तांबडी, जामखेड तालुक्यातली. बरेच पावसाळे काढलेत, तेही कुणावर भरवसा न ठेवता. मला शिकवलं कुणी नाही. जे कळतं, ते माणसांवर नजर ठेवून कळलंय.

माझा जन्म रतनबाईंच्या डालग्याखाली. चर्चमधल्या सगळ्या बायकांत त्या वडीलधाऱ्या, स्तोत्रं तोंडपाठ. पाळक दर रविवारी सांगायचे, विश्वासात वाढलं पाहिजे. पिल्लू वाढलं की पिसं फुटतात. माणूस विश्वासात वाढलं, हे ओळखायचं कशावरून? मी लक्ष ठेवलं. रतनबाईंची प्रार्थना तेवढी वाढत होती. चूल विझली तरी संपायची नाही. आजारी माणसं, परगावी गेलेली पोरं, सगळ्यांची नावं यायची. एकच नाव गळायचं. कुडापलीकडच्या धाकट्या जावेचं, ज्योतीचं.

झालं होतं असं, की माझी अंडी नाहीशी होत होती. रतनबाईंनी थेट नळावर, चार बायकांत, ज्योतीला चोर म्हटलं. खात होतं मुंगूस. मी बघत होते, पण कोंबडीला कोण विचारतंय? मग उन्हाळ्यात एका दुपारी अंडं घेऊन पळणारं मुंगूस रतनबाईंनीही बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पदर सावरून आत गेल्या आणि मोठ्यानं स्तोत्र म्हणू लागल्या. तेव्हापासून त्यांच्या हातचा दाणाही मी निरखून खायचे.

सुगी झाली, उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी जो तो शेतातलं, गोठ्यातलं काहीतरी वेदीपुढं वाहतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. कुणी बाजरी आणली, कुणी भोपळा. रतनबाईंनी मला काखेत मारलं. त्यांचं ते मुंगूस बघणं बघितलेली मी एकटीच. म्हटलं, बाई साक्षीदार घालवायला निघाली.

पाय सुतळीनं बांधून त्यांनी मला वेदीपुढं ठेवलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. पाळक हळूच म्हणाले, मावशी, बसून घ्या. त्या म्हणाल्या, हे दान एवढ्यात घेऊ नका; आधी समेट, मग दान, असं तुम्हीच वाचून दाखवता. आणि मागं, शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या ज्योतीपुढं जाऊन वाकल्या. मी मान वळवून बघत होते.

"ज्योती, अंडी मुंगसानं खाल्ली. म्या बघितलं हुतं, उन्हाळ्यातच."

"मग इतकं दिस?"

"तोंड उघडंना."

ज्योतीनं मान वर केली नाही. "नळावर समद्यांम्होरं चोर म्हनला मला. आता कानात कशाला सांगताय, बाई? तसंच समद्यांम्होरं सांगा."

संपलं, असं मला वाटलं. या बाईनं आजवर कुणापुढं मान खाली घातली नव्हती. पण रतनबाई सगळ्यांकडं वळल्या. पदर सावरला, पण या वेळी स्तोत्र म्हटलं नाही.

"ज्योती चोर न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या उगाच तिच्यावर आळ घेतला. आन् खरं कळल्यावर बी गप बसले."

मग पुढून काकासाहेबांनी, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, विचारलं, "पर मुंगूस घावलं का न्हाई?" आणि सगळं चर्च हसलं.

ज्योती हसली नाही. गळ्यातही पडली नाही. सतरंजीवर जरा सरकली आणि म्हणाली, "बसा."

लिलावात माझ्यावर पहिली बोली ज्योतीनं लावली. त्यावर चढी बोली लावायला कुणी धजलं नाही.

आता मी कुडापलीकडं राहते. रतनबाई रोज चहाला येतात. दोघी एकमेकींची उणीदुणी तोंडावर काढतात, रुसतात, पुन्हा आधण ठेवतात. प्रार्थनेत आता ते नाव येतं, मी ऐकलंय. यालाच वाढ म्हणत असतील, तर मी एवढ्यात हो म्हणणार नाही. अजून वर्षभर बघेन.

शिवाय काल एक झालं. दोन्ही घरांनी नाताळाला एकत्र जेवायचं ठरलंय. "काय करायचं गं?" रतनबाईंनी विचारलं, आणि दोघींनी एकदमच माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून मी कडुलिंबाच्या वरच्या फांदीवर बसलेय, खाली दाणे टाकलेत तरी.

वाचणाऱ्यांनो, समेट करा. मनापासून करा, चारचौघांत करा. पण जेवायला पुरणपोळी करा.