सेंटर फॉरवर्ड जावई

"अहो धर्मराजराव! जरा पुढं होता का? तुमच्या सवडीनं!"

महिपती असं ओरडला आणि सगळं ग्राउंड हसायला लागलं. आमचा सेंटर फॉरवर्ड धर्मराज त्या वेळी गोलाच्या तोंडाशी होता, पायात बॉल आणि समोर एकटा गोलकीपर. तो चक्क थांबला, मागं वळला आणि अदबीनं म्हणाला, "काय म्हणालात, मामा?"

तेवढ्यात बदलापूरवाल्यांच्या बॅकनं त्याच्या पायातून बॉल काढून घेतला आणि पार आमच्या टोकाला धाडला. बघता बघता आमच्यावरच गोल! मी कपाळावर हात मारून घेतला.

ही ८८ सालची गोष्ट. अंबरनाथला आमच्या कारखान्याची फुटबॉल टीम होती. बॅक चांगले, गोलकीपर चांगला, पण फॉरवर्ड लाइन म्हणजे देवाचं नाव घ्या. बॉल घेऊन गोलापर्यंत जायचे आणि तिथं पोचल्यावर पंगतीला आल्यासारखं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ सुरू. या लोकांवर एकच औषध होतं, ते म्हणजे महिपती. कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर काम करायचा. एरवी गरीब गाय, बायकोपुढं तर शब्द नाही. पण रविवारी ग्राउंडच्या कडेला उभा राहिला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"अरे गोल आहे तो, मारुतीचं देऊळ नव्हे! प्रदक्षिणा कसल्या घालताय?"

"फॉरवर्ड लाइन आहे का रॉकेलची लाइन? हला की जागचे!"

सगळ्यात जास्त प्रसाद मिळायचा धर्मराजला. "ए धर्म्या, गाढवा! बॉल आहे, अंडं नाही, फुटत नाही तो! हाण!" आणि धर्म्या हाणायचा. हसत हसत हाणायचा.

हा पोरगा महिपतीला इतका आवडला की त्यानं विठ्ठलवाडीच्या चाळीत जाऊन त्याच्या थोरल्या भावाकडे शब्द टाकला आणि आपली मुलगी सरस्वती त्याला दिली. झालं! तिथंच आमच्या टीमचं वाटोळं झालं. जावई म्हणजे दहावा ग्रह. भर मांडवात ज्याचे पाय धुतले, त्याला चारचौघांत गाढव म्हणायचं कसं? म्हणून ते ‘अहो धर्मराजराव’.

आता यात नुसती हसण्यासारखी गोष्ट असती तर मीही हसलो असतो. पण धर्मराज कारखान्यात खेळाडू म्हणून टेंपररी लागलेला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदाही टीम तळाला राहिली तर टीम बंद आणि टेंपररी पोरं घरी. त्यात सरस्वतीला दिवस गेलेले.

बदलापूरच्या त्या मॅचनंतर महिपतीच्या घरी मी चहाला बसलो होतो. राजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्यासमोरच त्याला फैलावर घेतलं.

"शोभतं का हो तुम्हाला? सगळ्या कॉलनीसमोर जावयाचं हसं केलंत!"

"अगं, मी तर ‘अहो’ म्हणालो."

"म्हणूनच हसले ना लोक! ते काही नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे. ग्राउंडवर तोंड उघडायचं नाही."

महिपतीनं मान डोलावली आणि बशीतला चहा एका घोटात संपवला.

पुढच्या मॅचना तो यायचा, पण तोंडात सुपारी धरून उभा. फॉरवर्ड लाइनीनं बॉल घालवला की त्याचा चेहरा लालभडक व्हायचा आणि मला बाजूनं चिमटा बसायचा. माझा दंड काळानिळा पडला, बायको विचारायला लागली कुणी मारलं म्हणून! तिकडे फॉरवर्ड लाइन एकदम सुस्तावलेली. त्यांना शिव्या नाहीत म्हणजे घड्याळाला चावीच नाही. आम्ही हरत हरत तळाला गेलो.

शेवटची मॅच उल्हासनगर कॅम्प तीनशी. जिंकलो तरच वाचणार. त्या दिवशी राजाबाई आणि सरस्वतीही आल्या. राजाबाईनं पाण्याची कळशी आणली होती. कॅम्पातली जीन्सच्या कारखान्यांमधली पोरं टेम्पो भरभरून आलेली. त्यातल्या एकानं महिपतीला ओळखलं.

"क्यों साईं, आज आपका भोंपू बंद है क्या?"

मला चिमटा.

हाफटाइमला शून्य-शून्य. धर्मराज घामाघूम होऊन आमच्याकडे आला. पाणी प्यायला आला असेल म्हणून मी सरकलो, पण त्यानं पाण्याला हात लावला नाही.

"मामा, माझं काय चुकलं?"

"छे छे, चुकलं कुठं? छान खेळताय तुम्ही."

"छान?" पोराचा आवाज एकदम चिरकला. "साध्या बॉलला लाथ बसत नाही माझी, आणि छान? आधी तुम्ही गाढव म्हणायचात, तेव्हा बरं वाटायचं. मला बाप आठवत नाही, मामा. असं हक्कानं ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं मला. लग्न झालं आणि तुम्ही मला पाहुणाच करून टाकलंत."

महिपतीनं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. शिट्टी झाली. धर्मराज तसाच मैदानात गेला. राजाबाई कळशी धरून आमच्या मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसरा हाफ संपत आला तरी तीच रड. धर्मराजकडे बॉल आला, समोर मोकळी जागा, आणि हा पुन्हा घुटमळला. तेवढ्यात मागून राजाबाई कडाडली, "अहो, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीत? शपथ सुटली! ओरडा!"

महिपतीनं सुपारी थुंकली.

"धर्म्याऽऽ! अरे गाढवाऽऽ! पोराचा बाप व्हायला निघालास, आता तरी हाण की रेऽऽ!"

सगळ्या कॉलनीला बातमी कळली. सरस्वतीनं पदरात तोंड लपवलं. धर्मराज मात्र या वेळी वळला नाही. पळता पळता तो हसताना मला दिसला, आणि त्यानं जी लाथ घातली म्हणता! बॉल आडव्या बांबूवर आदळला, उलटा आला आणि वांगणीकडच्या वाडीतला आमचा दुसरा फॉरवर्ड धाकलू चिखलात घसरून पडत होता, त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. फॉरवर्ड लाइनीचा त्या वर्षीचा सगळ्यात महत्त्वाचा गोल, आणि तो असा! पण गोल तो गोलच. आम्ही वाचलो. कॅम्प तीनच्या त्या पोरानं स्वतः येऊन महिपतीला मिठी मारली.

संध्याकाळी महिपतीनं मला जेवायला ओढून नेलं. ओढूनच, कारण त्याचा घसा पार बसला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. लग्न झाल्यापासून त्या घरात धर्मराज जेवायला आला की पाट, रांगोळी, तांब्या-भांडं, असा सगळा थाट असायचा. त्या दिवशीही तो हात धुऊन आला आणि पाट मांडायची वाट बघत दाराशी उभा राहिला. राजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "माझे हात पिठाचे आहेत रे धर्मा. फळीवरून आपलं ताट आपण घे."

धर्मराजनं ताट काढलं. मग महिपतीच्या शेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला. महिपतीला बोलता येत नव्हतं. त्यानं आपल्या ताटातली भाकरी अर्धी मोडली आणि त्याच्या ताटात टाकली.